मोर्चा संपल्यानंतरच्या दिवसांसाठी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. शुक्रवारी तुम्ही मेणबत्त्या घेऊन कॉलेजच्या फाटकापासून होस्टेलपर्यंत चालणार आहात. गेलेल्या तुमच्या मित्राचा मोठा फोटो, मागे इंद्रधनुषी झेंडा आणि खाली ठळक अक्षरांत तो गे होता म्हणून त्याला किती सोसावं लागलं ते, असं पोस्टरही ठरलंय. चाला, जरूर चाला. तुमच्या रागाला जागा मिळायलाच हवी. पण ते पोस्टर छापू नका.

त्याने तुम्हा तीन-चार जणांनाच सांगितलं होतं, घरी नाही, असं तूच लिहिलंयस. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे त्याने स्वतः ठरवलं होतं. तो आता नाही म्हणून तो निर्णय तुमच्या हाती येत नाही. उद्या एखाद्या बातमीदाराने पोस्टरचा फोटो काढला, तर आईवडिलांना मुलाबद्दलची ही गोष्ट पेपरातून कळेल, तीही सुतकात. आणि ज्याचं त्याच्यावर प्रेम होतं तो मुलगा अजून तुमच्याच होस्टेलवर राहतो. पोस्टर पाहिल्यावर सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतील, हे तुला सांगायला नको.

तुला डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस माहीत असतील. आपल्या नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. वीसेक वर्षं अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका रिक्षावाल्यासोबत त्यांचं चित्रीकरण केलं. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांना, घरात घुसणाऱ्यांना नाही. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. देशभरातून लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. लढाई जिंकली होती. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. मृत्यूचं कोडं नीट सुटलंच नाही, म्हणून त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण १ ते ७ एप्रिल हे दिवस माझ्या मनातून जात नाहीत. निकालाच्या दिवशी किती फोन आले असतील! आणि पाच तारखेला, सहा तारखेला? निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा, आपल्या माणसांपासून दूर असलेला माणूस त्या संध्याकाळी कोणाशी बोलला असेल? आणि त्या रिक्षावाल्याचं पुढे काय झालं, हे विचारणारे तर फारच थोडे निघाले.

म्हणून मला शुक्रवारची काळजी कमी वाटते आणि त्याच्या पुढच्या महिन्या-दोन महिन्यांची जास्त.

आधी त्याच्या जोडीदाराचं बघ. काही वर्षांपूर्वी अशाच एका तरुणाच्या तेराव्याला मी गेले होते. ज्याने त्याच्यासोबत एका छताखाली संसार केला होता, तो मुलगा पंक्तीत वाढत होता. घरच्यांच्या लेखी तो मुलाचा खास मित्र, हाताशी असलेला, कामसू. ‘बाळा, इकडे वरण आण’, ‘काकांना मठ्ठा विचार’. हातातलं पातेलं खाली ठेवायलाही त्याला सवड नव्हती. आलेले सगळे आईचं सांत्वन करत होते आणि याला कोणी जेवलास का, एवढंही विचारलं नव्हतं. मी त्याला मागच्या अंगणात नेलं तेव्हा तो दहा मिनिटं नुसता नळाखाली हात धूत राहिला. त्या घरातले लोक दुष्ट नव्हते गं. त्यांना ठाऊकच नव्हतं की दुःखाचा अर्धा वाटा हा पोरगा पातेल्यासोबत वाहतोय.

तुमच्याकडचा मुलगाही असाच एकटा आहे. त्याला ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नकोस, असं दुःख झालेला माणूस काही सांगत नाही. मेसचा डबा खोलीवर नेऊन दे. रात्री त्याच्या खोलीत कोणीतरी झोपायला राहील असं तुम्ही चौघं आपसात ठरवा. गावी अंत्यदर्शनाला जायचं राहिलं असेल तर नंतर एकदा सोबत घेऊन जा, मित्र म्हणून का होईना, त्या घरात त्याला बसू दे. कायद्याच्या लेखी आज त्याचं नातं नाहीच. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. २०२४ मध्ये केंद्राने संयुक्त बँक खातं उघडता येतं, खात्यावर जोडीदाराला नॉमिनी ठेवता येतं असं स्पष्ट केलं. पण शोक करायचा हक्क कागदावर कुठेच नाही. तो तुम्हालाच द्यावा लागेल.

होस्टेलवर आणखीही काही मुलंमुली आहेत, ज्यांनी कोणालाच काही सांगितलेलं नाही. तुमच्या ग्रुपवर काय बोललं जातंय ते ती गप्प राहून वाचतायत. त्यांच्यासाठी तुमचा एकेक शब्द महत्त्वाचा आहे. तो कसा गेला याचे तपशील, शेवटच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, ‘सुटला बिचारा’ असली वाक्यं, हे सगळं थांबव. आधीच खचलेल्या मुलाला त्यातून वाट दिसते, आणि ती भलत्याच दिशेची असते. कोणाला बाजूला घेऊन ‘तू पण का?’ असंही विचारू नका. त्यापेक्षा तू स्वतः चारचौघांत थट्टेला अडव. मेसच्या टेबलावर कोणी टवाळी केली आणि तू ‘हे माझ्यासमोर नको’ म्हणालीस, तर पलीकडच्या टेबलावरच्या कोणालातरी कळतं की कोणाकडे जायचं.

ज्यांना बोलावंसं वाटेल त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नोटीस बोर्डावर लाव. फोन फुकट आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. मुंबईत समलिंगी लोकांसाठी १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. आणि या धास्तीत कुठल्या पालकांनी मुलाला ‘बरं करायला’ डॉक्टरकडे न्यायचं काढलं, तर त्या मुलाला एवढं कळू दे की असा उपचार करणं हे डॉक्टरच्या व्यवसायातलं गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय.

आता रागाचं. त्याला वर्षभर छळणाऱ्या मुलांची नावं तुम्हाला माहीत आहेत आणि ती ग्रुपवर टाकायला तुझे हात शिवशिवतायत. तसं करू नकोस, लेखी तक्रार कर. लैंगिक कलावरून कोणाचा छळ करणं, त्याला वाळीत टाकणं हे रॅगिंगच आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आपल्या नियमांत घातलं. कॉलेजला रॅगिंगविरोधी समिती ठेवावीच लागते. कोणी, कधी, कुठे, काय बोललं, कोणासमोर, हे तारीखवार लिहा आणि पोच घ्या. तो गे होता असं सिद्ध करायची गरजच नाही. तसं समजून त्याला छळलं, एवढं मांडलं की पुरे, त्याचं गुपित त्याच्याकडेच राहतं. ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणतील, तर पोच हातात असताना दर आठवड्याला जाऊन विचारा. तुमची बॅच पांगेपर्यंत वेळ काढायचा हा नेहमीचा डाव असतो, मी तो फार जवळून पाहिलाय.

शुक्रवारी झेंडा न्यायचा का? न्या. तो त्याच्या एकट्याचा नाही, तुम्हा सगळ्यांचा आहे. फक्त त्याच्या फोटोला चिकटवू नका. फोटोसोबत त्याचं नाव लिहा, तो तबला वाजवायचा असं तू सांगितलंस, ते लिहा.

त्याच्या आईला भेटायला जायचं तुझ्या मनात आहे. घाई करू नकोस. त्यांनी विचारलंच तर खोटं बोलू नकोस, न विचारता सांगू नकोस. त्याने वर्गात कोणाला गणित शिकवलं, कोणाची फी भरायला वर्गणी काढली, असलं सगळं त्यांना ऐकू दे. नेमकं कसं बोलायचं ते फोनवर ठरवू. रविवारी दुपारी मी मोकळी आहे.

त्याच्या जोडीदाराच्या खोलीत आज रात्री सोबतीला कोण राहणार आहे, ते मात्र आत्ताच कळव.

तुझी,
बाई