सिंकवरचा डीबी हलवायचाय, पण वायरी आखूड पडतायत

प्रश्न: आमचा डोंबिवलीचा फ्लॅट जुना आहे, मेन डीबी (घरभर वीज वाटणारी फ्यूजची पेटी) किचनमधे सिंकच्या बरोब्बर वर, त्यात अजून चिनी मातीचे फ्यूजच आहेत. आता किचनचं काम काढलंय तर तो पॅसेजमधे दाराजवळ न्यायचाय. इलेक्ट्रिशियन म्हणतो जुन्या वायरींना जोड मारून टेप लावतो, वरून टाइल्स बसल्या की दिसणारही नाही. सुतार म्हणतो हलवू नका, कपाटात झाकून देतो. काय करू?
– एक गृहिणी

उत्तर: ताई, हलवाच. सिंकवर, गॅसवर, बाथरूममधे डीबी लावू नये असं आपल्याकडच्या वायरिंगच्या नियमांतच आहे आणि कपाटात झाकला तर ऐनवेळी आधी डबे काढत बसाल, मेन कधी पाडणार?

पण टाइल्सच्या मागे जोड अजिबात नको, हे मी कळकळीने सांगतेय. पिळून टेप मारलेला जोड काही वर्षांनी सैल होतो, टेपचा डिंक सुकतो, मग गीझर चालू केला की तिथली तांब्याची तार तापायला लागते आणि एमसीबी (फ्यूजच्या जागी येणारा, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट तर नेहमीएवढाच जातोय ना, त्याला जोड तापलाय हे कळायचा मार्गच नाही. म्हणून नव्या डीबीपासून प्रत्येक बोर्डापर्यंत अखंड वायर ओढून घ्या, पाइप मोकळे असतील तर जुन्या वायरीला बांधूनच नवी खेचता येते. पाइप चोंदला असेल तर तेवढी भिंत फोडा, नाहीतरी काम काढलंच आहे.

फ्यूज जाऊन एमसीबी येतीलच, सोबत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) घ्या, शॉक लागला तर माणसाला वाचवतो तो हाच, एमसीबी नाही. फक्त आरसीसीबीतून गेलेल्या न्यूट्रल (करंट परत नेणाऱ्या) वायरी बाकीच्या न्यूट्रलमधे मिसळू देऊ नका, नाहीतर तो सारखा पडत राहील आणि वैतागून कोणीतरी तो काढूनच टाकेल. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक बोर्डापर्यंत गेलीय का तेही बघा, जुन्या घरांत बऱ्याचदा नसतेच. उंची सहा फुटांच्या आत ठेवा, म्हणजे स्टूल लागणार नाही.

खालच्या मीटरला आणि त्याच्या सीलला तुमच्या माणसाने हात लावायचा नाही, ते काम वीज कंपनीचं. लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टरच घ्या, त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट लेखी मागा आणि तो हातात आल्याशिवाय टाइल्सवाल्याला बोलावू नका.