ताजी पालेभाजी फ्रिजमध्येही का सडते?

प्रश्न : आठवड्याची भाजी एकदम आणते. शेतातून थेट आलेली, अगदी ताजी असते. पालेभाजी धुऊन पिशवीत भरून फ्रिजमध्ये ठेवते, तरी तीन दिवसांत पानं काळी पडून चिकट होतात. काकडीही बुळबुळीत होते. काय चुकतं?

उत्तर : धुऊन ठेवणं, हीच मुख्य चूक. पानांवर राहिलेल्या पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि बंद पिशवीत ती ओल बाहेर पडत नाही. जुडी आणल्याबरोबर सोडा, कारण सड बहुधा दोऱ्याखाली दबलेल्या देठांपासून सुरू होते. खराब पानं काढा, बाकीची कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा आणि कापड ओलसर झालं की बदला. धुवायची ती चिरण्याआधी. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो त्याच कप्प्यात नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

काकडीला थंडी सोसत नाही. १० अंश सेल्सिअसखाली काही दिवस राहिली की सालीवर खड्डे पडतात, मग ती पाणचट होते. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर बाहेरच ठेवा.

नुसती मलूल झालेली पानं टाकू नका! बर्फाच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवली की पेशी पाणी ओढून घेतात, पानं पुन्हा ताठ होतात. चिकट किंवा वास येणारी मात्र टाकाच. पालक उरणार असं दिसलं तर तो ताजा असतानाच उकळत्या पाण्यात २ मिनिटं घालून लगेच गार करा, घट्ट पिळा आणि एका वेळेपुरते गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवा.