प्रश्नोत्तरे : सगळं विसरतो, मग लक्षात काय ठेवायचं?

प्रश्न : आठ वर्षं सर्व्हर सांभाळतोय. तरी क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीची, ओळ लिहायची म्हटलं की आधी शोधाशोध. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकचंही तेच. नवे सहकारी धडाधड टाइप करताना पाहिले की ओशाळल्यासारखं होतं. पाठांतर वाढवू का?

उत्तर : नको. वर्षातून दोनदा लागणारी गोष्ट विसरणारच. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती वेगाने विसरले जातात हे स्वतःवरच मोजलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. पहिल्या काही तासांत घसरण जोरात, नंतर मंद. कमांडचे पर्याय याच जातीचे आहेत. ‘आर’ हे अक्षर सीपी या कमांडला दिलं की आतल्या फोल्डरांसकट कॉपी होते आणि सॉर्टला दिलं की क्रम उलटा होतो. यात तर्काने आठवण्यासारखं काही नाहीच. मात्र एबिंगहाउस यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. साफ विसरल्यासारखं वाटलं, तरी तेच पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. मॅन्युअल उघडून मिनिटभरात काम होत असेल, तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. चुकलं की एरर येते, ते खुशाल विसरा. चूक निमूटपणे चालून जाते, ते मात्र डोक्यात हवंच. कारण एरर आलीच नाही तर तुम्ही शोधायला जाणार कशाला?

क्रॉनमधले पाच रकाने क्रमाने असे : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. क्रम विसरला तर मॅन्युअल आहे. पण तारखेत 13 आणि वारात शुक्रवार लिहिलं, तर काम फक्त ‘13 तारखेच्या शुक्रवारी’ चालत नाही. ते दर 13 तारखेला चालतं आणि दर शुक्रवारीही चालतं. दोन्ही रकाने भरले की क्रॉन त्यांपैकी एक जुळलं तरी पुरे मानतो. यावर उपाय म्हणजे क्रॉनमध्ये फक्त तारीख ठेवायची आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच वार तपासायचा; जुळला नाही तर तिथूनच बाहेर. ही तपासणी क्रॉनच्याच ओळीत कोंबू नका. तिथे टक्क्याचं चिन्ह नवी ओळ म्हणून वाचलं जातं आणि हे चिन्ह लागणारी तारखेची कमांड अर्धवट तुटते.

आरसिंकमध्ये मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला मजकूर जातो, नाही दिला तर फोल्डर नावासकट जातो. एवढ्याने फार तर पसारा होतो. पण सोबत डिलीटचा, म्हणजे मूळ फोल्डरात नाही ते पोहोचत्या जागेवरूनही पुसण्याचा, पर्याय असेल आणि बॅकअपच्या फोल्डरात तीन प्रोजेक्ट असतील, तर एका प्रोजेक्टचा मजकूर स्लॅश देऊन थेट तिथे पाठवताच बाकीचे दोन पुसले जातात. डिलीट दिसलं की आधी ड्राय रन, म्हणजे काहीही न बदलता नुसती तालीम. त्याची यादी वाचल्याशिवाय खरी कमांड द्यायची नाही. हा नियम पाठ ठेवा, पर्यायांची अक्षरं गेली तरी चालतील.

प्रश्न : अडलेलं सुटलं की लगेच नोंद करते. नोंदी शेकड्याने झाल्या, पण वेळेवर एक सापडेल तर शपथ!

उत्तर : बहुतेक तुम्ही नोंदीला उत्तराचं नाव देता. अडलेल्या माणसाकडे उत्तर नसतं, एरर असते. ‘गिट टिप्स’ हे शीर्षक निरुपयोगी आहे. एररची ओळ जशीच्या तशी शीर्षकात चिकटवा, फक्त त्यातले फाइलचे मार्ग आणि ओळींचे आकडे काढून टाका, कारण ते दर वेळी बदलतात. खाली एवढं पुरे : काय करायचं होतं, कशाने सुटलं, का सुटलं, कोणती आवृत्ती होती आणि तारीख. ‘का’ची ओळ लिहिता येत नसेल तर प्रश्न सुटलेला नाही, टळलाय, तसंच लिहून ठेवा. फाइली साध्या मजकुराच्या, सगळ्या एकाच फोल्डरात. विषयवार उपफोल्डर करत बसू नका, फाइलींत शब्द शोधणारा ग्रेप पुरतो.

टर्मिनलची हिस्टरी ही आयती वही आहे, पण बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम, मुळात 500च ओळी ठेवतो. हिस्टसाइज आणि हिस्टफाइलसाइज ही त्याची दोन्ही सेटिंग वाढवा. हिस्टअपेंडही चालू करा; नाहीतर अनेक खिडक्या उघड्या असताना शेवटी बंद होणारी खिडकी आधीच्यांची हिस्टरी पुसून टाकते. अवघड कमांडच्या शेवटी हॅशचं चिन्ह देऊन दोन शब्दांची टिप्पणी लिहा. बॅश ती चालवत नाही, हिस्टरीत मात्र ठेवतो, आणि पुढे कंट्रोल-आर दाबून त्याच शब्दांनी ओळ सापडते. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, तोही तिथेच साठतो.

प्रश्न : अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये गिटची, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, दीडेक हजार कार्डं केली. आता उजळणी रोज तुंबते. सोडून देऊ?

उत्तर : अँकी ठेवा, कार्डं काढा. मूळ सेटिंगमध्ये रोज 20 नवी कार्डं येतात. तोच वेग राहिला तर काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभरापुढे जाते. नवी पाचवर आणा, तुंबलेलं उपसेपर्यंत शून्यावर. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी स्वतःच ‘लीच’ अशी खूण करतो. ते बाजूला काढा, परत आत घेऊ नका; एक तर प्रश्न वाईट आहे, नाहीतर विषयच कळलेला नाही.

‘गिट रीसेटचे पर्याय सांगा’ हे वाईट कार्ड. (रीसेट म्हणजे मागच्या कमिटवर, म्हणजे जतन केलेल्या टप्प्यावर, जाणं; स्टेज म्हणजे पुढच्या कमिटसाठी बदल निवडून ठेवणं.) चांगलं कार्ड प्रसंग विचारतं : ‘शेवटचा कमिट मोडायचाय, पण बदल स्टेज केलेलेच राहायला हवेत. कोणता रीसेट?’ उत्तर, सॉफ्ट. दुसरं कार्ड : ‘कोणत्या रीसेटने कमिट न केलेलं काम जातं?’ हार्ड. तिसरं : ‘ते रीफ्लॉगमधून परत मिळेल का?’ नाही, रीफ्लॉग ही गिटची हालचालींची नोंदवही; तिथे कमिटच्याच खुणा असतात. हार्डने मागे पडलेला कमिट मात्र मिळतो, मूळ सेटिंगमध्ये साधारण 30 दिवस. गप्पगुमान नुकसान करणाऱ्या जागा आणि रोज हाताखाली येणारी भाषा, एवढ्याचीच कार्डं करा. बाकीची डिलीट करताना हळहळू नका.

प्रश्न : सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड परका वाटतो. कॉमेंट भरपूर असतात, तरीही.

उत्तर : कॉमेंट ‘काय’ सांगत असतील. ते कोड सांगतोच. ‘टाइमआउट 55 सेकंद’ ही कॉमेंट फुकट. ‘पुढचा प्रॉक्सी 60व्या सेकंदाला जोडणी तोडतो, म्हणून 55’ असं लिहिलं की सहा महिन्यांनी कुणी तो आकडा 90 करणार नाही. करून पाहिलेलं आणि फसलेलं कमिटच्या संदेशात लिहा, नाहीतर तेच पुन्हा कराल. काम अर्धवट सोडून जायचं असेल तर पुढच्या पायरीची एक टेस्ट लिहून ती नापास अवस्थेत आपल्या ब्रँचवर ठेवा. परत आल्यावर टेस्ट चालवली की कुठून सुरू करायचं ते तीच सांगते.