वाचकांचे प्रश्न : मुलांकडून वचने पाठ करून घेताना

प्रश्न : आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, नोकरीनिमित्त फोंड्याला स्थायिक झालो आहोत. घरी मराठी बोलतो. मुले शाळेत इंग्रजी आणि शेजारीपाजारी कोंकणी बोलतात. नऊ वर्षांची मुलगी संडे स्कूलमध्ये दर रविवारी पवित्र शास्त्रातले (बायबलमधले) एक वचन म्हणून दाखवते, चॉकलेट मिळवते आणि पुढच्या रविवारपर्यंत ते विसरून जाते. पाच वर्षांचा मुलगा तर एका जागी बसतच नाही. वचने कोणत्या भाषेत पाठ करून घ्यावीत आणि ती लक्षात राहावीत यासाठी काय करावे? सासूबाईंचा आग्रह असा, की शब्द त्यांच्या जुन्या पवित्र शास्त्रातलेच हवेत. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपल्या मुलीच्या स्मरणशक्तीत काही उणे आहे असे मानू नये. रविवारी म्हटलेले वचन सोमवारपासून पुन्हा कोणी विचारतच नसेल, तर ते विसरणे स्वाभाविकच आहे. पाठांतर टिकते ते वाढत्या अंतराने पुन्हा आठवावे लागल्यामुळे: दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. यात ‘आठवणे’ महत्त्वाचे आहे. पुस्तक उघडे ठेवून तेच वचन वीस वेळा वाचल्याने ते ओळखीचे वाटू लागते; पण पुस्तक मिटून, थोडे अडखळत, स्वतः आठवून म्हटलेले वचन अधिक काळ राहते. मुलगी अडली तर पूर्ण ओळ सांगू नये. थोडे थांबावे आणि मग पुढचा एकच शब्द द्यावा.

यासाठी वेगळी वेळ काढण्याची आवश्यकता नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा असे सांगताना घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजताना आणि उठताना असे चार प्रसंग दिले आहेत, आणि त्यांपैकी एकालाही पाटी-पुस्तक लागत नाही. आपल्याकडे सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत येऊन गेला की चहा-पावाला सारे घर एकत्र बसतेच. तेव्हा कालचे वचन एकदा, आणि रात्री प्रार्थनेनंतर आजचे एकदा, एवढे पुरे. पाच वर्षांच्या मुलाला बसवूच नये. ‘सर्वदा आनंदित असा, निरंतर प्रार्थना करा’ ही थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील दोन वचने जिना चढताना एकेका पायरीला एकेक शब्द म्हणत सहज येतात.

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्या भाषेत घरची प्रार्थना होते, त्याच भाषेत वचन आधी पाठ व्हावे, म्हणजे ते प्रार्थनेत आपोआप उमटते. संडे स्कूलचे इंग्रजी वचन जरूर शिकावे, परंतु तेच वचन त्याच आठवड्यात दोन्ही भाषांत घेऊ नये. शब्दांची सरमिसळ होते. हाच नियम मराठीतील निरनिराळ्या भाषांतरांना लागू आहे. मुलांना स्वतः वाचता येईल असे एक भाषांतर घरासाठी ठरवावे आणि त्यालाच धरून राहावे. सासूबाईंना त्यांच्या शब्दांत म्हणू द्यावे, आणि मुलांना ते ऐकू द्यावे. आजीला तोंडपाठ येते ही गोष्ट मुलांच्या दृष्टीने कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठी आहे.

आता चॉकलेटविषयी. ते बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण ते देणारे शिक्षक प्रेमानेच देतात. मात्र बक्षीस वचनांच्या संख्येवर मिळू लागले की मुले लहानात लहान वचन शोधतात, आणि योहानकृत शुभवर्तमानातील ‘येशू रडला’ हे अकराव्या अध्यायातले पस्तिसावे वचन दर वर्षी कोणीतरी विजयी मुद्रेने म्हणतेच! त्यात गैर काही नाही, फक्त तेथेच थांबू नये. मरण पावलेल्या लाजर या मित्राच्या कबरेकडे जाताना, त्याला आपण जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू का रडला, हे मुलीला विचारावे. उत्तर काहीही येवो, ते वचन ती विसरणार नाही.

म्हणूनच सुटी वचने गोळा करण्यापेक्षा सलग उतारा घ्यावा असे मला वाटते. तेविसावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे. आठवड्याला एक वचन घेतले तरी दीड महिन्यात पूर्ण होते. त्यातील मेंढपाळाची आकडी आणि काठी धीर कसा देतात, हे गोव्यात वाढणाऱ्या मुलांना कळणे कठीण. आपल्या गावाकडे सुटीत गेल्यावर धनगराचा कळप दाखवावा. संदर्भाचे आकडे चुकले तर फार मनावर घेऊ नये. आज वापरात असलेले वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली नव्या करारात घातले. त्याआधीची दीड हजार वर्षे लोक क्रमांकांवाचूनच वचने आठवत होते.

संदर्भ म्हणजे आगेमागचा मजकूर, तो मात्र सोडू नये. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू सैतानाला तीनदा अनुवादातील वचनांनीच उत्तर देतो, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण त्याच प्रसंगी सैतानही एक्याण्णवाव्या स्तोत्रातले वचन म्हणतो, हे सांगायचे राहते. पाठांतर त्यालाही होते.

आणखी एक. मूल चुकले म्हणून वचन दहा वेळा लिहायची शिक्षा कधीही देऊ नये. ‘मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे इफिसकरांस पत्रातील वचन बहुतेक घरांत फार लवकर पाठ करून घेतले जाते. त्याच अध्यायातील चौथे वचन बापांनी मुलांना चिरडीस आणू नये असे सांगते, ते आईबापांनी त्याच आठवड्यात पाठ करावे. मुलांनाही ते आईबापांकडून म्हणवून घेण्यात मोठी मौज वाटते.

प्रश्न : आमचा दहा वर्षांचा नातू वाचताना फार अडखळतो. नाताळाच्या कार्यक्रमात मंडळीपुढे त्याने वचने म्हणावीत का? (एक आजोबा, वास्को)

उत्तर : वाचन आणि पाठांतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी पवित्र शास्त्रातील कथा मराठी ओव्यांत रचल्या. ते क्रिस्तपुराण १६१६ मध्ये सासष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. पोथी एकाने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, या रिवाजाला ओवी सोयीची होती. ऐकणाऱ्याला अक्षरओळख हवीच असे नव्हते. नातवालाही तसेच ऐकवावे. आपण सावकाश म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित केलेले लूकच्या दुसऱ्या अध्यायातील मेंढपाळांचे वर्णन तो रोज ऐकेल, तर डिसेंबरपर्यंत ते त्याच्या तोंडी बसेल. चाल लावली तर अधिक लवकर बसते, पण मग अधूनमधून चालीवाचूनही म्हणवून घ्यावे.

मंडळीपुढे जायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. हवे तर आपण दोघांनी मिळून म्हणावे. तो तयार झाला, तर ‘याच्या हाती पुस्तक देऊ नका, आयत्या वेळी दुसरा उतारा वाचायला सांगू नका’ एवढे चर्चच्या पाळकांच्या आणि संडे स्कूलच्या शिक्षकांच्या कानावर आधीच घालून ठेवावे.