एक द्राक्षघड, पाच कायदे

नाशिक

चि. विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

‘कलमं पाठ होत नाहीत’ असं तू लिहिलं आहेस. नाही झाली तरी चालेल. १ जुलै २०२४ला भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमं आली आणि ज्यांनी नुसते आकडे घोटले होते त्यांची पंचाईत झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं. न्याय संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे. फसवणुकीच्या ४२०चं ३१८(४) झालं. बरं, जुने आकडे टाकूनही देता येत नाहीत. गुन्हा १ जुलै २०२४च्या आधी घडला असेल, तर फिर्याद नंतर दिली तरी गुन्ह्याचं कलम जुन्याच संहितेचं लागतं. म्हणून कोणतीही हकीकत हातात आली की आधी तारीख बघ, मग पुस्तक उघड.

पाठांतराऐवजी काय करायचं, ते आपल्याकडच्याच उदाहरणाने सांगतो. वेलीवर लोंबणारा द्राक्षाचा घड घे. तो स्थावर की जंगम? वर्गात विचारलं तर अर्धे एक सांगतील, अर्धे दुसरं, आणि ‘कोणत्या कायद्याखाली?’ हा प्रश्न क्वचितच कुणी उलट विचारेल.

जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७, कलम ३(२६) म्हणतं की जमिनीला जोडलेल्या वस्तू स्थावर. त्यावरच थांबलास तर फसगत होईल, कारण कलम ३च्या सुरुवातीलाच ‘विषयात किंवा संदर्भात विसंगत काही नसेल तर’ अशी अट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ कलम ३मध्ये उभं इमारती लाकूड, उभी पिकं आणि गवत यांना स्थावरातून वगळतो. नोंदणी अधिनियम, १९०८ कलम २(९)मध्ये झाडावरचं फळ चक्क नाव घेऊन जंगम ठरवतो. माल विक्री अधिनियम, १९३० कलम २(७)मध्ये उभ्या पिकाला, तसंच विक्रीच्या कराराने तोडून द्यायच्या वस्तूला ‘माल’ म्हणतो. आणि न्याय संहितेचं कलम २(२१) जमिनीला जोडलेली वस्तू जंगमातून बाहेर ठेवतं.

घड तोच, फक्त प्रत्येक कायद्याला वेगळी काळजी आहे. नोंदणी कायद्याला दस्त कशाचा हवा ते ठरवायचं आहे, दंडाच्या कायद्याला चोरी कशाची होते ते. म्हणून कुठल्याही कायद्याची व्याख्या दुसऱ्या कायद्यात उसनी न्यायची नाही. व्याख्या वाचताना ‘म्हणजे’ आहे की ‘यात समावेश होतो’ आहे, तेही बघायचं. ‘म्हणजे’ असेल तर कुंपण घातलं. ‘समावेश होतो’ असेल तर दार उघडं आहे, यादीत नसलेली वस्तूही आत येऊ शकते.

आता न्याय संहितेचं ३०३(१), चोरी. पेन्सिल घे आणि कलमाचे तुकडे पाड: अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याच्या कब्जातून, संमतीशिवाय, आणि घेण्यासाठी ती हलवणं. पाचांतला एक जरी निसटला तरी चोरी नाही. मग वेलीवरच्या घडाची चोरी होते की नाही? कलमाखालची स्पष्टीकरणं वाचल्याशिवाय उत्तर सापडत नाही आणि नेमकी तीच विद्यार्थी गाळतात. पहिलं स्पष्टीकरण सांगतं की जमिनीपासून सुटी होताच वस्तू चोरीला पात्र होते; दुसरं सांगतं की तोडण्याच्याच कृतीने ती हलली तरी चोरी होऊ शकते. म्हणजे कात्रीने घड कापून क्रेटमध्ये टाकला आणि माणूस बांधावरच पकडला गेला, तरी गुन्हा पुरा झाला. माल गावाबाहेर जायला हवा असं कलम कुठेही म्हणत नाही. ‘कब्जा’ हा शब्दही नीट बघ, तिथे ‘मालकी’ लिहिलेलं नाही. गहाण ठेवलेलं स्वतःचं घड्याळ पैसे न फेडता, परस्पर उचलून आणणारा चोर ठरतो, हे कलमाखालच्या उदाहरणांतच दिलं आहे.

व्यापारी बांधावर येतो, किलोचा भाव ठरतो, थोडा इसार देतो, माल काढून नेतो. या सौद्याला नोंदणीकृत दस्त लागत नाही. पण ‘पुढची दहा-बारा वर्षं बागेत येऊन फळ तुम्हीच काढा’ असा हक्क दिला, तर तो जमिनीतून निघणारा लाभ ठरू शकतो आणि लाभ हा स्थावर. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य (१९५८) हा निकाल काढून वाच. तिथे जंगलात शिरून लाकूड नेण्याचा बारा वर्षांहून जास्त मुदतीचा हक्क होता आणि दस्त नोंदवलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्वतंत्र निकालपत्रात तो हक्क स्थावर ठरवला. निकाल वाचताना आधी हकीकत चार ओळींत लिही, मग न्यायालयापुढचा नेमका प्रश्न एका वाक्यात, मग उत्तर आणि ज्या कारणाशिवाय ते उत्तर उभं राहत नाही ते कारण. त्यापलीकडचं सगळं ओघात आलेलं भाष्य. मथळ्याखालचा सारांश संपादकाने लिहिलेला असतो, न्यायाधीशाने नाही. तो कोर्टात वाचून दाखवलास तर लाज जाईल.

व्यापाऱ्याने पैसे बुडवले की पहिली धाव ‘४२० लावा’ अशी असते. पैसे न देणं आणि फसवणूक यांत फरक आहे. ३१८ला सौदा होतानाच फसवण्याचा हेतू लागतो. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) या निकालात ते स्पष्ट आहे. नंतर बाजार पडला म्हणून पैसे थकले, तर तो करारभंग आणि त्याला दिवाणी दावा. हेतू कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, तो परिस्थितीतून काढावा लागतो: खोटं नाव, आधीच बंद केलेल्या खात्याचा चेक, त्याच आठवड्यात पाच बागांत तीच चाल. फिर्यादीत हे तपशील हवेत. त्यांच्या जागी ‘विश्वासघात केला’ लिहून ३१६ही जोडून देतात. विक्रीत मालकीच व्यापाऱ्याकडे जाते, माल त्याच्याकडे विश्वासाने ‘सोपवलेला’ नसतो, म्हणून ते कलम बसत नाही. एकाच हकीकतीवर दोन्ही कलमं एकत्र नांदू शकत नाहीत, असं दिल्ली रेस क्लबच्या २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे.

चेक असेल तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम १३८. कायद्याची रचना शिकायला याहून चांगलं कलम नाही. मुख्य वाक्य वाचलं की वाटतं, चेक परत आला की गुन्हा झाला. खरी मेख परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटींत आहे. (अ): चेक सहा महिन्यांत किंवा त्याच्या वैधतेत, जे आधी असेल त्यात, बँकेत सादर हवा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२पासून वैधता तीन महिन्यांवर आणली, म्हणून कलमात सहा छापलेलं असलं तरी व्यवहारात तीन. (ब): बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. (क): नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर. तिन्ही पायऱ्या चढल्यावरच गुन्हा उभा राहतो. नोटिशीत चेकची नेमकी रक्कम माग; व्याज, भाडं वगैरे मागायचं असेल तर ते वेगळं दाखव. सगळं एकत्र गोळा करून मोठा आकडा टाकला की नोटीसच धोक्यात येते. व्यापारी परराज्यातला असला तरी घाबरायचं कारण नाही: चेक खात्यात भरला असेल, तर २०१५च्या दुरुस्तीनंतर कलम १४२(२)प्रमाणे शेतकऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं न्यायालय चालतं.

कायदा इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घे, म्हणजे दुरुस्त्या धरलेला पाठ मिळेल. रद्दीतला बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कलमांचं जुनं पुस्तक, स्वस्त पडतो आणि महागात जातो. मराठी अनुवाद समजायला जरूर वाच, पण केंद्रीय कायद्यात शब्दावर वाद झाला तर इंग्रजी पाठ प्रमाण धरला जातो. दिवसाला दोन कलमं पुरेत. आणि जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात एक सकाळ १३८ची प्रकरणं चालतात तिथे मागच्या बाकावर बस. उलटतपासणीत वकील परंतुकातली कोणती पायरी तोडायला बघतोय, एवढंच वहीत टिपत जा.

आता एक हिशेब. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो ३१ जानेवारी २०२६ला हातात आला. पहिला दिवस धरायचा नाही, म्हणून नोटीस पाठवायची मुदत २ मार्चपर्यंत. मुदतीत पाठवलेली नोटीस १० मार्चला व्यापाऱ्याला मिळाली, त्याचे १५ दिवस २५ मार्चला संपले, तक्रारीचं कारण २६ला घडलं. कलम १४२ एक महिना देतं, म्हणजे तीस दिवस नव्हे, कॅलेंडरचा महिना. तोही पहिला दिवस सोडून. शेवटची तारीख २६ एप्रिल. त्या दिवशी वार कोणता ते कॅलेंडरवर बघ, जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १० उघड आणि तक्रार कोणत्या दिवसापर्यंत चालेल ते मला उलट टपाली कळव.

तुझ्या भल्याची इच्छा करणारा