जोडणीचे फिरते टेबल : आधी सपाटी, मग चाके आणि ड्रॉवर

प्रश्न : मी हौस म्हणून लाकूडकाम करतो. कपाटाचा सांगाडा जोडताना दोन्ही कर्ण मोजून सारखे करून घेतो, तरीही दार बसवल्यावर त्याचा एक कोपरा चौकटीला टेकतो आणि दुसरा तीन-चार मिलिमीटर बाहेर राहतो. सध्या जोडणी जमिनीवरच करतो. आता १२० बाय ७५ सेंटिमीटरचे, चाकांवर सरकणारे आणि खाली ड्रॉवर असलेले टेबल बनवायचे आहे. त्याची उंची किती ठेवावी आणि वरचा भाग कसा करावा?

उत्तर : आपले मोजमाप चुकलेले नाही. समोरासमोरच्या बाजू सारख्या असताना कर्ण सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे एवढेच सिद्ध होते. तिला पीळ पडला आहे की नाही, हे कर्णांवरून कळत नाही. एक मीटर कर्णाच्या चौकटीचा एक कोपरा चार मिलिमीटर उचलला गेला, तर कर्णाच्या लांबीत पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो, आणि तो कोणत्याही टेपवर दिसणार नाही. ग्लू सुकत असताना सांगाडा ज्या पृष्ठभागावर पडून असतो, त्याचाच पीळ तो घेतो आणि कायमचा धरून ठेवतो. म्हणून जोडणीच्या टेबलाचा पहिला गुण सपाटी हा आहे. चाके आणि ड्रॉवर कितीही सोयीचे असले, तरी त्यांच्यासाठी सपाटीशी तडजोड करू नये.

उंची ७० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. रंधा मारण्याचे टेबल साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असते, पण त्यावर ७५ सेंटिमीटरचे कपाट उभे केले की वरच्या फळीचे स्क्रू खांद्याच्या वर जातात आणि क्लॅम्प (तुकडे दाबून धरणारे शिकंजे) आवळताना जोर लागत नाही. हेच टेबल गोल करवतीच्या मागे फळ्यांना आधार म्हणूनही वापरायचे असेल, तर मात्र उंची करवतीच्या टेबलाबरोबर जुळवून दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवावी, म्हणजे पुढे सरकणारी फळी कडेला अडणार नाही.

वरच्या भागासाठी एकच जाड फळी न वापरता पोकळ पेटी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली-वर १२ मिलिमीटरचे प्लायवूड आणि मध्ये ८० मिलिमीटर उंचीच्या उभ्या पट्ट्यांची, १५ ते २० सेंटिमीटर अंतराची जाळी, अशी तिची रचना असते. वाकण्याला विरोध करण्याचे काम मुख्यतः वरच्या आणि खालच्या थरांचे असते आणि ते एकमेकांपासून जितके दूर, तितकी ताठरता झपाट्याने वाढते. त्यामुळे सुमारे १०४ मिलिमीटर जाडीची ही पेटी तेवढ्याच वजनाच्या भरीव फळीपेक्षा कितीतरी ताठ असते. जाळीच्या सर्व पट्ट्या करवतीची मांडणी न हलवता एकाच वेळी कापाव्यात, कारण एखादी पट्टी अर्धा मिलिमीटर उंच राहिली तरी तिथे वरचा थर फुगतो.

आता खरी अडचण येते. पेटी ज्या आधारावर चिकटवली जाते, त्याचाच आकार घेते. आधाराला पीळ असेल, तर पेटीलाही पीळ पडेल आणि एकदा ग्लू सुकल्यावर तो निघणार नाही. यासाठी सपाट फरशी शोधत बसू नये. रंधा मारून सरळ केलेल्या दोन लांब पट्ट्या लाकडी घोड्यांवर (काम ठेवायच्या चौपायी आधारांवर) समांतर ठेवाव्यात आणि त्यांच्या दोन टोकांना, एकसारख्या रुंदीच्या दोन सरळ काठ्या पट्ट्यांवर आडव्या, कडेवर उभ्या ठेवाव्यात. एक डोळा मिटून, जवळच्या काठीच्या वरच्या कडेवरून लांबच्या काठीची कड पाहावी. दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या तर पीळ नाही; लांबच्या काठीचे एक टोक वर डोकावत असेल, तर पट्टीच्या त्या टोकाखालचा आधार कमी करावा किंवा समोरच्या टोकाखाली कागदाच्या घड्या सारून ते उचलावे. काठ्या जितक्या लांब घ्याल, तितका पीळ ठळक दिसतो. पाणसळीपेक्षा या तपासणीवर अधिक विश्वास ठेवावा, कारण टेबल किंचित उतरते असले तरी चालते, पिळलेले चालत नाही. पेटी बंद केल्यावर सर्वत्र सारखे वजन ठेवून ती एक दिवस तशीच राहू द्यावी.

प्रश्न : ड्रॉवर कोणत्या बाजूला असावेत? चॅनेल (ड्रॉवर सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बसवताना माझे ड्रॉवर नेहमी अडकतात.

उत्तर : १२० बाय ७५ सेंटिमीटरचेच टेबल धरू. क्लॅम्पचा जबडा पकडण्यासाठी वरची पेटी चारही बाजूंनी दहा सेंटिमीटर बाहेर ठेवली, तर खालचा सांगाडा १०० बाय ५५ सेंटिमीटरचा उरतो. बहुतेक जण लांब बाजूला ड्रॉवर देतात. मी ते दोन्ही आखूड टोकांना, पाठीला पाठ लावून देईन. भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की वजन त्या बाजूला झुकते, आणि ५५ सेंटिमीटरच्या बाजूपेक्षा १०० सेंटिमीटरच्या दिशेला चाकांचा पाया बराच लांब असल्याने टेबल उलटण्याची भीती पुष्कळ कमी होते. शिवाय टेबलाची लांब बाजू भिंतीला लावली तरी दोन्हीकडचे ड्रॉवर उघडता येतात. प्रत्येक बाजूला ४५ सेंटिमीटरचे चॅनेल पुरते.

७० सेंटिमीटर उंचीतून चाकांचे सुमारे १३ आणि पेटीचे १०.४ वजा केले की सांगाड्याला सुमारे ४६.६ सेंटिमीटर मिळतात. त्यात वर ८, मध्ये १२ आणि तळाशी १८ सेंटिमीटरचा, असे तीन ड्रॉवर बसतात. जड सामान अर्थातच तळाला ठेवावे. वरच्या उथळ ड्रॉवरमध्ये मात्र ब्रश, गुण्या (काटकोन तपासायचे साधन), टेप, स्क्रू आणि ओले फडके एवढेच असावे. पांढरा ग्लू लावल्यावर तुकडे जागेवर बसवायला पाच-दहा मिनिटेच हाताशी असतात, आणि त्या वेळात गुण्या शोधावा लागला की जोडणी बिघडलीच.

अडकण्याचे कारण जवळजवळ नेहमी रुंदीत असते. बॉल-बेअरिंगच्या सामान्य चॅनेलला प्रत्येक बाजूला साडेबारा मिलिमीटर जागा लागते. सांगाड्याच्या बाजू १८ मिलिमीटरच्या असतील, तर आतली मोकळी रुंदी ५१४ मिलिमीटर आणि ड्रॉवरची बाहेरची रुंदी ४८९ येते. ती ४८८ करावी. एक मिलिमीटर कमी पडला तर चॅनेलमागे पातळ पट्टी सारता येते, पण ड्रॉवर रुंद झाला तर तो रंधा मारूनच कमी करावा लागतो. मोकळी रुंदी पुढे आणि मागे, दोन्हीकडे मोजावी. टेबल हलवताना ड्रॉवर आपोआप उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला साधी खिटी लावावी.

प्रश्न : चाके किती मोठी आणि कशी निवडावीत?

उत्तर : १०० मिलिमीटर व्यासाची चाके भुशावरून आणि पडलेल्या स्क्रूवरून सहज जातात, ५० मिलिमीटरची तिथेच अडतात. टेबल, सामान आणि वर ठेवलेले कपाट मिळून १८० किलो धरले, तर चाराने नव्हे, तीनाने भागावे, कारण जमीन थोडी जरी असमान असली तरी एक चाक अधांतरी राहते. म्हणजे प्रत्येक चाक किमान ६० किलो पेलणारे हवे. चारही चाके वळणारी घ्यावीत आणि त्यांचे ब्रेक असे असावेत की चाकाचे फिरणे आणि वळणे दोन्ही थांबेल. केवळ फिरणे थांबवणारा ब्रेक लावला तर क्लॅम्प आवळताना टेबल त्या चाकाभोवती डुलत राहते. ठोकाठोकी जास्त असेल, तर चाकांशेजारी खाली उतरणारे स्क्रूचे पाय बसवावेत. चाके कोपऱ्यांच्या जितकी जवळ जातील तितकी न्यावीत, तळाची फळी तिथे दुहेरी करावी आणि लाकडात बसवायच्या स्क्रूऐवजी वॉशरसह आरपार बोल्ट वापरावेत.

प्रश्न : वरच्या पृष्ठभागाला ग्लू चिकटतो. काय करावे?

उत्तर : पेटीवर सहा मिलिमीटरची एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेली) फळी, डोकी पृष्ठभागाखाली बुडवलेल्या स्क्रूंनी बसवावी आणि तिच्यावर मेणाचा हात द्यावा, म्हणजे सुकलेला ग्लू पात्याने खरवडून निघतो आणि फळी खराब झाली की बदलता येते. सिलिकॉनचा फवारा टाळावा, कारण तो लाकडाला लागला तर पुढे पॉलिश नीट धरत नाही. क्लॅम्पसाठी पृष्ठभागात छिद्रे हवी असतील, तर त्यांच्या जागा पेटी बंद करण्यापूर्वीच ठरवून तिथे आत भरीव ठोकळे बसवावेत.