उधारीची वही वाच

पत्र : सर, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोल्हापुरात पापाच्या तिकटीला आमचं चपलांचं दुकान आहे. कॉलेज सुटलं की मी गल्ल्यावर बसतो. तीन वर्षांत ११ कथा लिहिल्या. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. म्हणाले, "भाषा बरी आहे, पण माणसं खरी वाटत नाहीत." बी.कॉम. सोडून मानसशास्त्राला जाऊ का? माणसं कळली तर लिहिता येईल. पप्पा म्हणतात, आधी दुकान बघ. सोबत दोन कथा जोडल्या आहेत.

उत्तर : दोन्ही कथा वाचल्या. पहिलीतला नायक पुण्यात आयटीत आहे, दुसरीतली नायिका मरीन ड्राइव्हवर पाऊस बघत बसते. दोघंही देखणी, दोघंही दुःखी, आणि दोघांच्याही घरात किराणा कोण भरतो याचा पत्ता नाही. संपादकांचं चुकलेलं नाही. गंमत म्हणजे तुझ्या पत्रातलं "पप्पा म्हणतात, आधी दुकान बघ" हे वाक्य वाचताना मला एक माणूस समोर दिसला. कथांच्या २० पानांत एकही दिसला नाही.

मानसशास्त्राची मनापासून ओढ असेल तर तो विषय जरूर घे. पण पात्रं रंगवायला तिथं शिकवतील या आशेनं जाऊ नकोस. तुझा वर्ग रोज दुपारी दुकानात भरतो.

समज, पन्नाशीचा एक माणूस गावाकडून आलाय. लेकीचं लग्न ठरलंय, जावयाला कापशी चप्पल घ्यायची आहे. वेणी निरखतो, तळ वाकवून बघतो, "चालताना वाजतंय न्हवं?" विचारतो. स्वतःसाठीही एक जोड बाजूला काढून ठेवतो. तू भाव सांगतोस. जावयाच्या जोडाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. बोलता बोलता स्वतःचा जोड तेवढा फळीवर परत सरकवतो. "माझं जुनं अजून वरीसभर जातंय." तू खाली बघतोस, तर त्याच्या पायातल्या चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला. आता 'तो गरीब पण स्वाभिमानी होता' हे वाक्य लिहायची गरज उरली का?

आणि हाच माणूस संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर चौघा ओळखीच्यांच्या दुधाचे पैसे देताना दिसला तर? कथा तिथून सुरू होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन प्रकार सांगितले. भरीव पात्राची त्यांची कसोटी अशी की, ते आपल्याला चकित करतं आणि तरीही पटतं. दुधाचे पैसे देणारा हा माणूस पटतो, कारण त्याला कशाची लाज वाटते ते आपण दुकानात पाहिलेलं असतं. तुझ्या आयटीवाल्याला लाज कशाची वाटते? मी दोनदा शोधलं, सापडलं नाही. (तुझ्या वयात मीही एक कथा लिहिली होती. नायक सतत खिडकीतून बाहेर बघायचा. नोकरी काय करायचा, ते मलाही ठाऊक नव्हतं.)

बोलण्याकडेही लक्ष दे. दुसऱ्या कथेतली आजी शाहूपुरीत जन्म काढलेली, आणि म्हणते काय, "मी आले हो बाळा"! अरे, आपल्याकडच्या कितीतरी बायका आजही "मी आलो", "मी जातो" म्हणतात. तुझी आजी काय म्हणते, ते ऐक की.

एक सावधगिरी मात्र बाळग. गिऱ्हाईक जसंच्या तसं उचलून कथेत बसवू नकोस. एकाची चप्पल, दुसऱ्याची बोली, तिसऱ्याचं दुखणं असं मिसळ. कोल्हापुरात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही.

आता पोटापाण्याचं. कथेच्या मानधनावर घर चालत नाही, हे पप्पांना ठाऊक आहे, तूही धरून चाल. मालिका आणि वेबसिरीजच्या लेखनात पैसा आहे. पण तिथं रोजचा रतीब घालावा लागतो आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून पात्रं बदलावी लागतात. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत पटकथालेखन शिकता येतं. प्रवेशाला पदवी लागते, ती कुठल्याही शाखेची चालते. आपल्या शिवाजी विद्यापीठातही पदवीनंतर मराठी किंवा पत्रकारितेकडे वळता येईल. म्हणून बी.कॉम. अर्ध्यावर सोडणं मला निव्वळ तोट्याचा सौदा वाटतो. वाचायला करवीर नगर वाचन मंदिर आहेच, तुमच्या दुकानापासून चालत जाता येईल.

महिनाभर नवी कथा लिहू नकोस. वहीत रोज एकच गिऱ्हाईक लिही, दहा ओळींत : हात कसे होते, पैसे कुठून काढले, घासाघीस कुठं थांबवली. विशेषण एकही नको.

आणि एखाद्या रात्री शटर ओढल्यावर उधारीची वही घेऊन पप्पांजवळ बस. पैसे न येताच त्यांनी कुणाची उधारी स्वतःच्या हातानं खोडली, ते विचार. का खोडली, ते लगेच विचारू नकोस. त्यांचं त्यांना सांगू दे.